वाचकांचे प्रश्न : सहा महिन्यांत प्रतिरोधी क्षयरोग बरा होतो का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला औषधांना दाद न देणारा फुप्फुसाचा क्षयरोग झाला आहे. दहा वर्षांपूर्वी याच आजारासाठी आमच्या काकांनी जवळपास दोन वर्षे गोळ्या आणि कित्येक महिने रोज इंजेक्शने घेतली. त्यात त्यांना ऐकू येणे बंद झाले. भावाला मात्र डॉक्टर केवळ सहा महिन्यांच्या गोळ्या सुचवत आहेत. हा त्याच्यावर प्रयोग तर नाही ना?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : नाही. प्रयोग यापूर्वीच इतर रुग्णांवर, त्यांच्या संमतीने झाला आहे. काकांना दिलेल्या कानामायसिनसारख्या इंजेक्शनांनी बहिरेपण येते, हे डॉक्टरांनाही ठाऊक होते. पण त्याहून बरे औषध हाताशी नव्हते. बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या नव्या गोळीला अमेरिकेत 2012च्या अखेरीस मान्यता मिळाली, तेव्हा क्षयरोगासाठी अगदी नव्या प्रकारचे औषध येऊन चाळीस वर्षे उलटली होती.

पुढे दक्षिण आफ्रिकेत अतिप्रतिरोधी (म्हणजे बहुतेक प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या) क्षयरोगाच्या, किंवा आधीचे उपचार न मानवलेल्या वा लागू न पडलेल्या 109 रुग्णांना बेडाक्विलिन, प्रेटोमानिड आणि लिनेझोलिड अशी तीन औषधे सहा महिने दिली गेली आणि दहापैकी नऊ जण बरे झाले. मात्र रोजच्या 1200 मिलिग्रॅम लिनेझोलिडमुळे त्यांतील पाचांपैकी चौघांच्या हातापायांच्या नसांना त्रास झाला. आमच्या मते या संशोधनाचा सर्वांत मोलाचा भाग इथून पुढचा आहे, कारण संशोधक औषध सापडल्यावर थांबले नाहीत. रुग्णाला ते सोसेल असा डोस त्यांनी शोधला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या चाचणीत लिनेझोलिड निम्म्यावर, म्हणजे 600 मिलिग्रॅमवर आणले, तरी यशाचे प्रमाण 91 टक्के राहिले आणि नसांचा त्रास सुमारे चौघांपैकी एकालाच झाला.

याच औषधांत मॉक्सिफ्लॉक्सासिनची भर घालून बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात केलेल्या तुलनात्मक चाचणीत नव्या उपचाराला 89 टक्के, तर त्या वेळच्या प्रचलित उपचाराला 52 टक्के यश मिळाले. फायदा इतका स्पष्ट होता की नवे रुग्ण घेणे मुदतीआधीच थांबवण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2022 मध्ये हा उपचार शिफारसपात्र ठरवला आणि सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमासाठी त्याला मान्यता दिली. तुमच्या भावाला बहुधा हीच चार औषधे सुचवली असावीत.

अर्थात हा उपचार सरसकट सर्वांसाठी नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, तसेच मेंदूचा किंवा हाडांचा क्षय असलेले रुग्ण यांना वेगळा उपचार लागतो. त्यामुळे भावाच्या जंतूंवर कोणती औषधे चालतात याचा तपासणी अहवाल डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा.

उपचार सुरू झाल्यावर रक्ततपासणी, यकृताची तपासणी आणि ईसीजी ठरल्या वेळी होऊ द्यावेत. पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, अंधुक दिसणे किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. भावाने स्वतःहून गोळ्या बंद करू नयेत. लिनेझोलिड कमी करायचे की काही काळ थांबवायचे, हे डॉक्टर ठरवतील आणि त्रास लवकर कळला तर बऱ्याचदा उपचार पूर्ण करता येतो. काकांच्या अनुभवामुळे तुमच्या घरात जी भीती आहे, ती डॉक्टरांनाही मोकळेपणाने सांगा.