विचारा बिनधास्त: पोरगा मारणार की म्हातारा?

प्रश्न: ऑगस्ट 2025 ला रियाधमध्ये बॉक्सिंगच्या फाइटमध्ये मोझेस इटाउमा या नव्या पोराने जुन्या डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडमध्ये आडवा केला. तेव्हापासून आमचे धाकटे बंधू म्हणतायत की हेवीवेटमध्ये नवा पोरगा आणि जुना गडी समोरासमोर आले की डोळे झाकून पोराचं नाव घ्यायचं, अनुभव बिनुभव सगळ्या बोलायच्या गोष्टी. खरंय का? – एक वाचक, मिरज

उत्तर: बंधूंना आधी लॅरी होम्सच्या दोन फाइट्स बघायला लावा. जानेवारी 1988, अटलांटिक सिटी, होम्स 38 चा, समोर 21 वर्षांचा टायसन, चौथ्या राउंडमध्ये खेळ खल्लास. सगळे म्हणाले वय झालं. बरं, मग फेब्रुवारी 1992 ला हाच होम्स 42 चा असताना रे मर्सरसमोर उभा राहिला, मर्सर म्हणजे सोल ऑलिम्पिकचा गोल्ड मेडलिस्ट, तोवर एकही फाइट न हरलेला आणि हात दगडासारखा. होम्स स्वतःहून कोपऱ्यात जाऊन दोरीला टेकायचा, मर्सरचे पंच हवेत घालवायचा आणि मग उजवा हात ठेवून द्यायचा, 12 राउंड हेच चाललं आणि तिन्ही जजेसनी होम्सलाच जिंकवलं. वय चार वर्षांनी वाढलं आणि माणूस जिंकला, आता बोला!

फरक असा की टायसनच्या वेळी होम्स जवळजवळ दोन वर्ष घरी बसून आला होता, मर्सरच्या आधी 1991 भर छोट्यामोठ्या फाइट्स खेळून अंग मोकळं केलं होतं. शिवाय टायसन डोकं हलवत आत घुसायचा, मर्सर सरळ चालत होम्सच्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, यायचा. म्हणून मी जन्मतारीख नंतर बघतो, आधी गेल्या दीड दोन वर्षात म्हातारा काय करत होता ते बघतो.

व्हाइटचं तसं बघा. नाव मोठं, पण वय 37 आणि 2015 ला जोशुआ, 2020 ला पोवेत्किन, 2022 ला फ्युरी, तिघांनी त्याला झोपवलेला, त्यातले शेवटचे दोन तर अपरकटवर, म्हणजे खालून वर हनुवटीवर येणाऱ्या ठोशावर. हनुवटी, म्हणजे ठोसा सोसायची ताकद, एकदा गेली की परत येत नाही हो. त्याचा हुकमी एक्का म्हणजे लेफ्ट हुक, डाव्या हाताचा बाजूने वळून येणारा ठोसा, तो मारायला जवळ जावं लागतं, आणि समोर 20 वर्षांचा लेफ्टी ज्याचे हात आधी पोचतात. 1 मिनिट 59 सेकंदात रेफरीने फाइट थांबवली.

तरी एक राहतंच, 12-0 वाल्या, म्हणजे 12 जिंकून एकही न हरलेल्या पोराने स्वतः मार खाऊन दाखवलेला नसतो. 2017 ला वेम्ब्लीत जोशुआला 41 च्या क्लिच्कोने सहाव्या राउंडमध्ये खाली पाडला, तोवर जोशुआ सातव्याच्या पुढे कधी गेलाच नव्हता. उठला, आणि अकराव्यात जिंकला. उठेल की नाही हे त्या रात्रीआधी कोणालाच माहीत नव्हतं.

प्रश्न: आणि फाइट कितव्या राउंडमध्ये संपेल ते पण सांगायचं असेल तर? – तोच वाचक

उत्तर: म्हाताऱ्याची हनुवटी गेलेली असेल तर पहिल्या तीन राउंडमध्ये, नाहीतर पॉइंट्सवर पोरगा. फक्त म्हाताऱ्याच्या ठोशात जोर असेल तर जरा दमाने घ्या, पाय जातात, रिफ्लेक्स जातात, ताकद सगळ्यात शेवटी जाते. 1994 ला 45 चा फोरमन तिन्ही जजेसच्या कार्डवर मागे होता, दहाव्या राउंडमध्ये एका उजव्या हातावर 26 वर्षांचा मूरर आडवा झाला.