शिक्षकांचे प्रश्न : दोन भाषांचा वर्ग, दोन राज्यांच्या परीक्षा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील शिक्षकांकडून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. सीमाभागातील शिक्षकाला अभ्यासक्रम कर्नाटकाचा, भाषा मराठी आणि पूरक साहित्य बहुतांशी महाराष्ट्रात तयार झालेले, अशा स्थितीत काम करावे लागते. उत्तरे देताना ही वस्तुस्थिती समोर ठेवली आहे.

प्रश्न : खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील सरकारी मराठी शाळेत मी शिकवते. पहिली ते पाचवीसाठी आम्ही दोघेच शिक्षक असल्याने माझ्या खोलीत तीन इयत्ता एकत्र बसतात. पाठ्यपुस्तकांखेरीज मराठी वाचनसाहित्य नाही आणि गावात नेटवर्कचा भरवसा नाही. काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : वाचनसाहित्यापासून करावी. एका इयत्तेला आपण शिकवत असताना उरलेल्या दोन इयत्तांनी काय करायचे, हा बहुवर्ग अध्यापनातला खरा पेच आहे, आणि स्वतःचे स्वतः वाचता येईल असे पुस्तक मुलांच्या हाती असले की तो बराचसा सुटतो.

प्रथम बुक्स या संस्थेचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. त्यावरील गोष्टी वाचनक्षमतेनुसार पातळ्यांत विभागलेल्या असून पहिल्या पातळीवर एका पानावर जेमतेम एखादे वाक्य असते. त्या मोफत उतरवून घेता येतात आणि मुक्त परवान्यामुळे छापून वर्गात वापरण्यासही हरकत नसते. आपल्या दृष्टीने विशेष उपयोगाची बाब अशी की, पुष्कळ गोष्टी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, त्याच चित्रांसह मिळतात. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला गोष्ट आधी त्याच्या भाषेत ऐकवून मग मराठी प्रत हाती दिली, तर आशय ठाऊक असल्यामुळे त्याचे सगळे लक्ष अक्षरांकडे लागते. आणि मराठी घरातल्या मुलांना तीच जोडी कन्नडच्या तासाला उलट बाजूने कामी येते. बैठकीसाठी किंवा कामासाठी तालुक्याला जाल तेव्हा गोष्टी उतरवून, छापून आणाव्यात, जाड कागदाचे वेष्टन घालून शिवाव्यात आणि मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी उघड्या ठेवाव्यात. कपाटात कुलपाआड राहिलेली पुस्तके फाटत नाहीत हे खरे, पण ती वाचलीही जात नाहीत. छपाईच्या खर्चाचा विषय एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत जरूर मांडावा. मुलाने घरी नेऊन मोठ्याने वाचलेली एक गोष्ट पालकांना पुष्कळ काही पटवून देते.

चौथी-पाचवीसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही उतरवून घेता येतात. मात्र ती पूरक वाचनापुरतीच वापरावीत, कारण घटकांचा क्रम आपल्या पुस्तकांहून वेगळा आहे आणि परिसर अभ्यासातील उदाहरणे महाराष्ट्राच्या भूगोलातली आहेत. आपल्या मुलांना कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आधी कळावी, पुढच्या नद्या सावकाश कळतील.

वर्गाच्या मांडणीसाठी कर्नाटकाच्याच नलीकली पद्धतीचा आधार घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात हिचा आरंभ झाला आणि आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचे काम पाहून आलेल्या शिक्षकांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. तीत इयत्तेऐवजी मूल कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहून गट होतात. काही गटांना शिक्षकाची पूर्ण मदत मिळते, काहींना थोडी, काही गट सोबत्यांच्या मदतीने शिकतात आणि एक गट स्वतः काम करतो. आपण तीनच गट करावेत : एक आपल्याजवळ, एक मोठ्या मुलाच्या देखरेखीखाली, एक पुस्तकांच्या कोपऱ्यात. दर अर्ध्या तासाने गटांच्या जागा बदलाव्यात. पहिल्या पंधरवड्यात गोंगाट होईल. तो पाहून पद्धत सोडून देऊ नये, कारण आपली पाळी येणार आहे हे कळण्यास मुलांना तेवढा वेळ लागतोच.

प्रश्न : माझ्या दुसरीच्या वर्गात ‘सत्तावीस’ सांगितले की काही मुले ७२ लिहितात. पाढे पाठ आहेत, तरी हे का होते?

उत्तर : मराठीत सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, तर लिहिताना दोन आधी येतो. कन्नडमध्ये हीच संख्या ‘इप्पत्तेळु’, म्हणजे वीस आधी आणि सात नंतर, अशी अंकांच्या क्रमाने बोलली जाते. घरी एक क्रम आणि शाळेत दुसरा ऐकणाऱ्या मुलाचा गोंधळ त्यामुळे आणखी वाढतो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस यांसारखी नावे पुढच्या दशकावरून बनलेली असल्याने २९ ऐवजी ३९ लिहिले जाणे अगदी स्वाभाविक आहे. मुलांना संख्या समजलेलीच नाही, असा निष्कर्ष यावरून काढू नये.

काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या घ्याव्यात. दोन जुड्या, सात सुट्या काड्या मांडून ‘दोन दशक सात’ असे म्हणवून घ्यावे, लगेच अंक लिहून घ्यावेत आणि ‘सत्तावीस’ हे नाव शेवटी द्यावे. वर्गातील कन्नडभाषक मुलाला त्याच्या भाषेत ती संख्या मोठ्याने म्हणू द्यावी. मराठी मुलांनाही त्यातून क्रम चटकन उमगतो आणि त्या मुलाला आपली भाषा वर्गात उपयोगी पडली याचे समाधान मिळते. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. माझे मत असे आहे की, समजून घेण्याची पायरी म्हणून ते वाचन उत्तम आहे, पण बाजारात आणि घरात मुलाला ‘एकवीस’च ऐकायचे असल्याने रूढ नावापर्यंत त्याला आपण पोहोचवलेच पाहिजे. सरावासाठी दशकानुसार जाण्याऐवजी २७ आणि ७२, ३८ आणि ८३ अशा फसवणाऱ्या जोड्या काड्यांनी शेजारी-शेजारी मांडाव्यात.

प्रश्न : मी निपाणी तालुक्यातील असून डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका पूर्ण केली आहे. कर्नाटकाची टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्यावी, महाराष्ट्राची की केंद्राची? सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा लागणार, असे ऐकले ते खरे का?

उत्तर : पहिली ते पाचवीसाठीचा पहिला पेपर तिन्ही परीक्षांत १५० गुणांचा आहे. बालविकास, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात, आणि सर्वसाधारण प्रवर्गास ६० टक्के, म्हणजे ९० गुण, मिळवावे लागतात. त्यामुळे एकाच तयारीवर एकाहून अधिक परीक्षा देता येतात आणि आपण तसे करावे. कर्नाटकाच्या परीक्षेत पहिली भाषा म्हणून मराठी घेता येते. केंद्राच्या परीक्षेत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा निवडता येतात. तेथे इतर विषयांचे प्रश्न मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असतात, याची मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराने आधीपासून सवय करावी. पूर्वी सात वर्षांपुरते असलेले प्रमाणपत्र २०२१ च्या निर्णयानुसार आजीवन ग्राह्य धरले जाते.

महाराष्ट्रातील भरतीसाठी याशिवाय २०० गुणांची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते आणि पुढील प्रक्रिया ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून होते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषकांना तेथील शासकीय भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. आपले गाव त्या यादीत असल्यास जाहिरात येण्याची वाट न पाहता कागदपत्रे जमवावीत, कारण अर्जाची मुदत थोडी असते.

आपण ऐकलेली बातमी खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, ज्या सेवेतील शिक्षकांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. त्याहून कमी अवधी उरलेल्यांना सेवेत राहता येते, पण पदोन्नतीसाठी परीक्षा द्यावी लागते. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न त्याच निकालात मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. आपल्याकडील काही मराठी संस्थांचा त्याच्याशी संबंध येऊ शकतो, म्हणून तेथील शिक्षकांनी आपल्या संस्थेचा दर्जा कागदोपत्री काय आहे, हे व्यवस्थापनाकडून लेखी समजून घ्यावे.

एक गोष्ट आपुलकीने सांगतो. कर्नाटकात नोकरी करायची असेल, तर परिपत्रके वाचता येतील आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला स्वतः पत्र लिहिता येईल इतकी कन्नड आतापासून शिकावी. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे ३५० क हे कलम सांगते आणि त्यासाठीचा आपला आग्रह योग्यच आहे. पण परिपत्रक समजून घेण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणाऱ्या शिक्षकाला त्या आग्रहाचे कागदही नीट मांडता येत नाहीत.

प्रश्न : बेळगाव तालुक्यातील माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. मुले निबंध पाठ करून लिहितात. काय करावे?

उत्तर : पाठ करता येणार नाही असा विषय द्यावा. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा येथे साहित्य संमेलने भरतात. जवळच्या संमेलनाला मुलांना न्यावे, प्रत्येकाला वेगळे सत्र वाटून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी एका पानाचा वृत्तान्त लिहून घ्यावा. एरवी घरच्या बासमती भाताची लावणी, खानापूरच्या कौलांची भट्टी किंवा आजीने निपाणीच्या तंबाखू वखारीत केलेले काम यांविषयी घरच्यांना पाच प्रश्न विचारून उत्तरे त्यांच्याच बोलीत टिपून आणावयास सांगावे. वर्गात त्या टिपणांचे प्रमाण मराठीत लेखन करून घेतले, तर एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेला, लागणारा निबंध आणि पत्रलेखनाचा सरावही त्यातच होतो. तपासताना पहिल्या मसुद्यावर लाल शाई वापरू नये. समासात फक्त एक प्रश्न लिहावा आणि दुसरा मसुदा मागावा.