पेशी दिसल्या नाहीत, यात मुलीचा दोष नाही

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीत नोकरीला आहे, राहायला सिडकोत. मुलगी मायक्रोबायोलॉजी घेऊन टी.वाय.ला आहे. सुट्टीत तिनं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप केली. उंदराच्या प्लीहेतल्या एनके (नॅचरल किलर, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या) पेशी मोजायच्या होत्या, तिच्या नमुन्यात जवळपास काहीच दिसलं नाही. तेव्हापासून ‘मला हे जमणार नाही, बँकेच्या परीक्षा देते’ म्हणते. काय करावं?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नमस्कार. पत्रासोबत तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, फार बरं केलंत. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय : उंदीर बाल्ब-सी, अँटिबॉडी एनके१.१, क्लोन पीके१३६. अँटिबॉडी म्हणजे पेशीवरच्या ठरावीक खुणेला चिकटणारं, रंग लावलेलं प्रथिन; क्लोन म्हणजे तिचा नेमका प्रकार. गोची इथेच आहे. ही अँटिबॉडी सी५७ ब्लॅक-६ जातीच्या काळ्या उंदरांत एनके पेशींना चिकटते. पांढऱ्या बाल्ब-सीमध्ये ती ज्याला धरते तो भागच नसतो. म्हणजे पेशी होत्या, त्यांना रंग चढला नाही. बाल्ब-सीसाठी डीएक्स५ किंवा एनकेपी४६ची अँटिबॉडी घेतात. तिचा हात कुठेही चुकलेला नाही, हे तिला आजच सांगा.

उंदरांच्या जातीजातींतला हा फरक संशोधक मुद्दाम कामालाही लावतात. ब्लॅक-६च्या पांढऱ्या पेशींवर सीडी४५ या प्रथिनाचं सीडी४५.२ हे रूप असतं. त्याच जातीच्या एका खास वाणात त्याऐवजी सीडी४५.१ असतं. एकाचा अस्थिमज्जा दुसऱ्यात घातला, की महिन्यांनंतरही कुठली पेशी कुणाची ते दोन अँटिबॉडींनी ओळखता येतं. मला हे विलक्षण सुंदर वाटतं. तिला वाचायला द्या आणि तिचा चेहरा बघा. डोळे चमकले, तर बँकेचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

आता रोखठोक. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात फारसं काही हाती लागत नाही. जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ (संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) आणि पीएच.डी., असा लांबचा रस्ता आहे. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात, त्यामुळे पुढचा भार तुमच्यावर पडत नाही. पुण्यातच एनसीसीएस आणि आयसर या संशोधन संस्था आहेत. मुलीला फार लांब पाठवावं लागेल, ही धास्ती नको.

एक गोष्ट मात्र तिची तिनंच ठरवायची. या कामात उंदरांचा जीव जातो. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, नियम कडक असतात, तरी जीव जातोच. ते सोसवत नसेल तर त्यात कमीपणा नाही. मोठ्या रुग्णालयांत फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे रंगवलेल्या पेशी मोजणाऱ्या याच यंत्रावर, माणसाच्या रक्तातून ल्युकेमियाचं निदान होतं, तिथेही अशीच माणसं लागतात.

इंटर्नशिपच्या मार्गदर्शकांना तिनं स्वतः मेल करावा : क्लोन आणि जात जुळत नव्हती का? पुढच्या वेळी सोबत ब्लॅक-६चा एक नमुना लावता येईल का? आणि जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात, तेवढी तारीख चुकवू नका.