कथकच्या गिरकीत घेर फिरता आणि चेहरा स्पष्ट, असा फोटो कसा मिळवायचा?

घेर पसरलेला दिसतो पण चेहरा पुसला जातो, आणि शटरचा वेग वाढवला की सगळंच गोठतं, ही तुमची तक्रार. दोन्ही एकाच फ्रेममध्ये हवं असेल तर प्रकाश दोन लागतात: घेरासाठी सतत चालू असलेला दिवा आणि देहासाठी फ्लॅश. फ्लॅश रिअर कर्टनला ठेवा, म्हणजे तो एक्स्पोजरच्या शेवटी पडेल. सुरुवातीला पडला तर कापडाची धूसर रेघ नर्तकीच्या पुढे धावते आणि ती उलटी फिरतेय असं वाटतं. कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारे स्वस्त ट्रिगर पुष्कळदा रिअर कर्टन देत नाहीत, आधी तपासा.

शटर लयीवरून ठरवा. तीनताल (सोळा मात्रांचा ताल) मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणून शटर १/२ सेकंद. सोळाव्या मात्रेच्या ‘धा’वर बटण दाबलं की फ्लॅश बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. त्या वेळी अंग थांबलेलं असतं, पण अनारकलीचा घेर अजून पुढे सरकत पायांभोवती गुंडाळत असतो. हवा असलेला क्षण हाच. लय १६० असेल तर शटर ०.४ सेकंद. लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) मोबाइलवर लावून ठेवा आणि ठेका मोजत दाबा. बघून दाबायला गेलात तर सम निघून गेलेली असते.

सुरुवातीला आयएसओ ४००, एफ/८, फ्लॅश मॅन्युअलवर, पॉवर १/४. पूर्ण पॉवरला छोट्या फ्लॅशचा झोत लांबतो आणि बोटं हलतात. टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानेच ठरवण्याची पद्धत) नकोच: त्याचा आधीचा चमकारा एक्स्पोजरच्या तोंडाशी पडतो आणि समेला डोळे मिटलेले मिळतात.

मुख्य फ्लॅश समोरून मारू नका, कमरेचा बाक आणि मानेची रेषा सपाट होते. ग्रिड (प्रकाश पसरू न देणारी जाळी) लावलेले दोन स्ट्रिप सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशवरचे अरुंद उभे डबे, मागून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. समोरचा प्रकाश मागच्याहून दोन स्टॉप कमी, म्हणजे त्याच्या चौथाई. सततचा दिवा हॅलोजन, फक्त कमरेखाली. वर काळा पुठ्ठा आडवा धरा, नाहीतर चेहऱ्यावर भुताटकी, म्हणजे हललेली दुसरी प्रतिमा, उमटते. साधा एलईडी लुकलुकतो, त्यामुळे जरीच्या काठाची सलग रेघ न येता ठिपके येतात.

मागे काळं मखमल, नर्तकीपासून निदान आठ फूट. पोशाख पांढरा किंवा मोतिया. काळा असला की देह मागच्या अंधारात विरतो. कागदी बॅकड्रॉप पायाखाली घेऊ नका, अनवाणी तत्कारात (पायांच्या ठेक्यात) तो फाटतो. गालिचाही नको, पाऊल अडकून गुडघा पिरगळतो. मॅट काळं व्हायनिल बरं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, लेन्स ८५ मिमी; वाइडमध्ये कडेचे हात ताणलेले दिसतात.

निवड पहिल्यांदा नर्तकीलाच करू द्या. चुकलेला हस्त (हाताची मुद्रा) तिला लगेच दिसतो, आणि घेर जास्त उडालेली कुठली फ्रेम बाहेर जाऊ द्यायची, हे ठरवण्याचा हक्कही तिचाच.