वीप होल कोरडी आहेत म्हणून निश्चिंत राहू नका

तुम्ही लिहिलंय की गावच्या वहाळावरच्या दगडी पुलाची रिटर्न वॉल (पुलाच्या टोकाकडून मागे जाऊन रस्त्याचा भराव धरणारी भिंत) पोटात फुगली आहे, जोडरस्ता पुलाला लागतो तिथे खचतोय, आणि वीप होलांतून, म्हणजे भिंतीमागचं पाणी बाहेर सोडणाऱ्या छिद्रांतून, थेंबही येत नाही म्हणून भरावात पाणी नसावं. शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. चार दिवस धो धो पाऊस पडूनही छिद्रं कोरडी असतील, तर पाणी आत कोंडलंय असंच धरून चाला.

हिशेब सोपा आहे. 5 मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर दर मीटर लांबीला साधारण साडेसात टन रेटा येतो. तोच भराव वरपर्यंत पाण्याने भरला की रेटा सोळा टनांच्या आसपास जातो, त्यातले साडेबारा टन नुसत्या पाण्याचे. खरा धोका पूर ओसरताना असतो. वहाळ तासाभरात उतरतो, भरावातलं पाणी मागेच राहतं आणि समोरचा आधार गेलेला असतो.

आमच्याकडे अबटमेंटची (पुलाचं टोक पेलणाऱ्या भिंतीची) छिद्रं चांगली वाहत होती. मग कुणा बड्या पाहुण्यांचा दौरा ठरला, दरजा भरून रंगरंगोटी निघाली. पाण्याचे ओघळ रंगावर दिसतात म्हणून छिद्रांत बांधकामाचा मसाला ठोकून वर चुना मारला! मी लेखी कळवलं. उत्तर आलं, 'छिद्रे उघडणे ही बाब मंजूर अंदाजपत्रकात समाविष्ट नाही.' बुजवणं कोणत्या बाबीत बसलं, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. त्याच पावसाळ्यात रिटर्न वॉल अबटमेंटपासून सुटली, फटीत हात जाईल इतकी. कार्यालयाचं नाव घेत नाही, त्यांच्या पंचनाम्यात कारण 'अतिवृष्टी' आहे.

म्हणून आधी बुजलेली छिद्रं शोधा. आत मसाला नसेल तर मागची गाळणी (पाणी जाऊ देणारा, माती अडवणारा दगडांचा थर) मातीने चोंदलेली असणार, किंवा ती मुळात घातलीच नसेल. नियमाप्रमाणे भिंतीमागे पूर्ण उंचीभर 600 मिमी जाडीची गाळणी लागते, भिंतीकडे मोठा दगड आणि मातीकडे बारीक. जुन्या कामांत तिथे कपच्या-माती कोंबलेली असते. नुसती सळई खुपसून छिद्र मोकळं करू नका. पाण्याबरोबर भराव वाहून जातो आणि रस्त्याखाली पोकळी होते. तुमचा रस्ता खचतोय, म्हणजे हे कदाचित सुरूही झालं असेल.

उन्हाळ्यात कोअर कटिंगने (फिरत्या नळीने गोल भोक कापून) 100 मिमीची नवी छिद्रं घ्या, बाहेरच्या बाजूला वीसास एक उतार, दोन्ही दिशांनी साधारण मीटरभर अंतर. ठोके देणारा ब्रेकर नको, दगड हलतात. आत भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मागचं तोंड बंद. पाणी निवळ यायला हवं. सतत गढूळ येत असेल तर काम थांबवा.

माझं मत असं (काहींना पटणार नाही) की यातला पहिला पैसा वरच्या पाण्यावर खर्च व्हावा. रस्ता-पुलाच्या सांध्यातून आणि रस्त्याकडेच्या साइडपट्टीतून शिरणारं पाणी अडवलं, गटार भिंतीपासून लांब नेलं, तर निम्मं दुखणं कमी होतं. दरजांतला पिंपळही काढा, पण ओढून उपटू नका, दगड घेऊन येतो. कापून मुळं मारा.

मी डिझायनर नाही, साइटवरचा माणूस आहे. भिंत आधीच फुगली आहे, तेव्हा छिद्रं पाडण्याआधी पुलाचं काम जाणणाऱ्या अभियंत्याला दाखवा. अबटमेंट आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) असेल तर सळया शोधल्याशिवाय कोअर लावूच नका. तोवर भिंतीला फट दिसली तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख घाला (फट वाढली की काच तडकते) आणि डंपर दुसऱ्या रस्त्याने पाठवा.

वहाळाचं पाणी एरवी कुठवर असतं आणि पुरात कुठवर चढतं, तेवढं कळवा. छिद्रांची सर्वांत खालची ओळ नेहमीच्या पाण्याच्या वीतभर वर हवी, ती त्यावरूनच ठरेल.