विचारा, सांगतो : ई-सायकलचा झटका

प्रश्न : वय ५४. शाळेत असताना सायकल चालवायचे, त्यानंतर थेट आता ई-सायकल घेतली. सिग्नलला थांबून निघताना ती एकदम पुढे उसळते. परवा समोरच्या रिक्षेला धडकता धडकता राहिले. सराव कुठे आणि कसा करू? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : दोष तुमच्या पायांचा नाही. बहुतेक स्वस्त ई-सायकलींत पेडलच्या दांड्यापाशी चुंबकांची चकती आणि एक सेन्सर असतो. पेडल फिरतंय एवढंच त्याला कळतं. तुम्ही किती जोर लावताय, ते कळत नाही. त्यामुळे मोटर थोडी उशिरा सुरू होते, पण सुरू झाली की ठरलेली ताकद एकदम देते. सिग्नलला पाय पेडलवर टेकवून उभं राहिलात आणि वजनाने पेडल जरा फिरलं, तरी ती जागी होऊ शकते. पेडल थांबवल्यावरही क्षणभर ओढते. वळणावर घात होतो तो यामुळेच.

उपाय ब्रेकमध्ये आहे. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा लिव्हर किंचित दाबला की मोटरचा पुरवठा तुटतो. तुमच्या गाडीत तसं होतं का, ते आधी तपासा. मागचं चाक स्टँडवर उचलून थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी हँडलवरची मूठ किंवा खटका) अगदी थोडा द्या आणि एकेक लिव्हर दाबून पाहा. (मोटर पुढच्या चाकात असेल तर ते चाक उचलावं लागेल.) ब्रेक धरल्यावर चाक थांबेलच, पण मोटरची घरघरही बंद पडायला हवी. नाही पडली तर लिव्हरमधला मोटर तोडणारा स्विच दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर जाऊ नका. थांबलेलं असताना दोन्ही लिव्हर दाबून ठेवा.

सरावासाठी पाम बीच रोड नको. तिथे गाड्या फार वेगात असतात. रविवारी सकाळी सेक्टरमधला रिकामा रस्ता किंवा मैदान बघा. सीट इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही तळवे टेकतील. पहिले दोन-तीन दिवस मोटर बंदच ठेवा. वीस-पंचवीस किलोचं धूड थांबवायचा हात आधी बसायला हवा. खडूने रेघ मारून बरोबर तिच्यावर थांबा. मग असिस्ट १ वर, म्हणजे मोटरच्या मदतीच्या सर्वांत खालच्या पायरीवर, या. थ्रॉटलला शेवटपर्यंत हात नको, कारण घाबरल्यावर मूठ आपोआप आवळली जाते.

गिअर असतील तर थांबण्याआधीच हलका टाका. जड गिअरमध्ये पेडल रेटत असतानाच मोटर लागते आणि तुम्ही म्हणता तशी गाडी उसळते. वळणाच्या आधी पेडल थांबवून लिव्हरला बोट लावा. गतिरोधकावरही तेच, शिवाय दोन्ही पेडल आडवे ठेवून सीटवरून जरा उठा. पावसात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर ब्रेक हळू लावा आणि हँडल सरळ ठेवा.

प्रश्न : येऊरचा डोंगर चढताना मोटर छान साथ देते, पण उतरताना गाडी आवरत नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : चढ ओढणारी मोटर उतारावर गाडी धरून ठेवेलच असं नाही. चाकातल्या गिअरवाल्या मोटरी उतारावर मोकळ्या फिरतात. म्हणून वेग वाढायच्या आधीच आवरा. दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत घासत ठेवले तर तापून पकड कमी होते. डिस्क ब्रेकच्या पॅडचा घासणारा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदला. बदलल्यावर सपाट रस्त्यावर वीसेक वेळा ब्रेक लावून पॅड नीट बसू द्या, मगच येऊर.