जुना वॉलपेपर उतरवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बैठकीच्या खोलीतला जुना वॉलपेपर काढायला घेतला. वरचा छापील थर मोठ्या पट्ट्यांनी सहज सुटला, पण खालचा पांढरट, खरखरीत कागद भिंतीलाच राहिला. पाणी मारून पत्र्याने खरवडला तर कपटे निघतात आणि खालची पुट्टीही उकरली जाते. हा कागद तसाच ठेवून वरून रंग दिला तर चालेल का?

उत्तर : ठेवू नका. तुमचा वॉलपेपर विनाइलचा आहे. वर प्लास्टिकचा छापील थर आणि खाली कागद, अशी त्याची रचना असते. वरचा थर निघाला म्हणजे अवघड भाग पार पडला, कारण प्लास्टिकमधून पाणी खळीपर्यंत पोचत नव्हतं. आता ते पोचेल. पण याच कागदावर पाण्याचा रंग चढवलात तर रंगातल्या पाण्यानेच खळ सैल होते, कागद फुगतो आणि भिंतभर फुगे येतात.

पुट्टी उकरली जाते आहे, याचा अर्थ पत्रा वेळेआधी लागतो आहे. भिंतीला कागद धरून ठेवते ती खळ. ती विरघळायला वेळ लागतो, आणि तो वेळ न देता जोर लावला की कागद सुटण्याऐवजी पुट्टी सुटते.

सुरुवातीला त्या खोलीचा एमसीबी बंद करा. स्विचबोर्डावर प्लास्टिक लावून कडेने चिकटपट्टीने बंद करा. प्लेटमागे दडलेला कागद काढायचा असेल तर प्लेट उतरवून वायरी झाका. उजेडासाठी दिवा दुसऱ्या खोलीतून आणा. जमिनीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर घाला. नुसतं प्लास्टिक खळीच्या पाण्याने इतकं निसरडं होतं की शिडी सरकते.

5 लिटर पाणी हाताला सोसेल इतकं गरम घ्या आणि त्यात एक चमचा भांडी घासायचं लिक्विड टाका. साबणामुळे पाणी कागदावरून ओघळून न जाता आत मुरतं. साधारण मीटरभर रुंदीचा पट्टा छतापासून खालपर्यंत स्पंजने किंवा फवारणीच्या पंपाने भिजवा. 5 मिनिटांनी दुसरा हात आणि आणखी 5 मिनिटांनी तिसरा. पहिला पट्टा मुरतो आहे तोवर शेजारचा भिजवायला घ्या, म्हणजे वेळ वाया जात नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी कागदावर अंगठा टेकवा आणि बाजूला सरकवा. कागद अंगठ्याबरोबर बुळबुळीत थरावरून घसरला की खळ भिजली. अंगठ्याखाली नुसते लोकरीसारखे गोळे वळले तर वरचेच तंतू ओले झालेत, खळ अजून कोरडी आहे. पुन्हा पाणी मारा. भिजलेला कागद सगळीकडे सारखा काळपट दिसतो. मधेच फिकट ठिपके असतील तर तिथे पाणी पोचलेलं नाही.

खरवडायला 4 इंची पत्रा घ्या आणि त्याची दोन्ही टोकं कानशीने घासून गोल करा. भिंतीत ओरखडे पडतात ते पात्याने कमी, टोकांनी जास्त. पत्रा भिंतीशी जवळजवळ आडवा धरा आणि कागदाच्या सांध्यापासून सुरुवात करा. योग्य वेळी लावलेल्या पत्र्याला जोर लागत नाही, कागद त्याच्यापुढे ओल्या सालीसारखा गोळा होत जातो. निघालेला लगदा लगेच पोत्यात भरा; वाळला तर जिथे पडला असेल तिथेच चिकटून बसतो.

भिंत जिप्सम बोर्डाची असेल तर पाणी बेतानेच वापरा. बोर्डाचा पृष्ठभागही कागदाचाच असतो आणि जास्त भिजला की तोही वॉलपेपरबरोबर निघून येतो. तसं झालंच तर तपकिरी, लोंबणारे तंतू धारदार पात्याने कापून टाका. भिंत वाळल्यावर तिथे आधी ऑइल प्रायमर आणि मगच पुट्टी लावा. उघड्या तपकिरी कागदावर थेट पुट्टी भरली तर तो तिच्यातलं पाणी शोषून फुगतो.

प्रश्न : आमच्याकडे वॉलपेपरवरच कधीतरी ऑइलपेंट मारलेला आहे. पाणी मुरत नाही, थेंब मण्यांसारखे घरंगळतात. काय करावं?

उत्तर : पाण्याला आत जायला वाट करून द्यावी लागेल. त्यासाठी दातेरी चाकांचं टोचणी-यंत्र मिळतं. ते हलक्या हाताने गोलगोल फिरवायचं. फक्त कागद टोचला गेला पाहिजे. दाबून फिरवलंत तर भिंतीत शेकडो बारीक भोकं पडतात आणि पुढे सगळी पुट्टीने बुजवत बसावं लागतं. जिप्सम बोर्डावर तर विशेष जपा.

टोचल्यावर वाफेचं यंत्र सर्वांत उपयोगी पडतं. त्याची पाटी सिमेंटच्या गिलाव्यावर अर्धा ते एक मिनिट धरा. जिप्सम बोर्डावर 10-15 सेकंदांपासून सुरू करून अंदाज घ्या. पाटी उचलली की त्याच जागी लगेच पत्रा चालवा, कारण थंड होताच खळ पुन्हा धरते. यंत्रातून उकळतं पाणी ठिबकतं. हात डोक्यावर धरून काम केलं तर ते मनगटावरून थेट बाहीत शिरतं, म्हणून लांब हातमोजे घाला आणि त्यांची टोकं बाहीवर ओढून घ्या. वाफ देण्यापूर्वी बोटांच्या सांध्यांनी भिंत ठोकून पाहा. पोकळ आवाज येत असेल तर तिथला गिलावा आधीच सुटलेला आहे. वाफेने तो खाली येईल. तेवढा भाग गिलावा दुरुस्तीतच धरा.

रंग पॉलिश पेपरने घासून काढायचा मोह होतो. घर जुनं असेल तर तो आवरा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ लहान मुलांना फार घातक असते. जे काम कराल ते ओलं ठेवूनच करा.

प्रश्न : महिन्यापूर्वी वॉलपेपर काढला, भिंत पुसली, प्रायमर आणि रंग दिला. आता रंगाला तळ्याच्या वाळलेल्या गाळासारख्या बारीक भेगा पडल्या आहेत. रंग खराब निघाला का?

उत्तर : रंगाला दोष देऊ नका. तुमच्या वर्णनावरून खळ भिंतीवरच राहिली असावी. कागद निघाल्यावर भिंत स्वच्छ दिसते, पण खळीचा पातळ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा तिच्यावर असतो. पाण्याच्या प्रायमरने तो ओला होऊन फुलतो, वाळताना आकसतो आणि वरच्या रंगालाही ओढून फाडतो. कोरडी भिंत पाहून ही खळ कळत नाही. भिंत ओली करून तळहात फिरवा. बुळबुळीत लागली तर खळ आहे.

खळ पिठाची असेल तर आणखी एक खात्रीची खूण आहे. जखमेला लावायचं आयोडीन पाण्यात पातळ करून कोपऱ्यात थोडं शिंपडा. पिवळसर तपकिरी राहिलं तर तिथे पिष्ट नाही, निळं-काळं झालं तर आहे. दोन अपवाद ध्यानात ठेवा. सेल्युलोजची खळ आयोडीनने निळी होत नाही, आणि जिप्सम बोर्डाच्या कागदात मुळातच पिष्ट असू शकतं. तिथे तळहाताचीच परीक्षा खरी.

कागद नुकताच काढलेल्या, अजून रंग न दिलेल्या भिंतीवरून खळ काढणं सोपं असतं. दोन बादल्या घ्या, एक साबणाच्या गरम पाण्याची आणि एक साध्या पाण्याची. स्पंजने घासा, धुवा, पुसा आणि पाणी गढूळ झालं की बदला. तेच पाणी वापरत राहिलात तर खळ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी सारवली जाते. कोपरे आणि छताखालची कड विसरू नका, ब्रशने खळ लावताना तिथेच ती जाड बसते. मग भिंत किमान 24 तास, दमट हवेत 48 तास वाळू द्या. त्यावर ऑइल प्रायमर लावा. राहिलीच असेल तेवढी खळ त्याच्याखाली बंद होते, कारण त्यात पाणी नसतं.

तुमच्या भिंतीवर मात्र आता सोलून येतो तेवढा रंग काढावा लागेल. उघडी पडलेली भिंत धुवा, वाळवा, ऑइल प्रायमर द्या, मग पुट्टी आणि पुन्हा प्रायमर. भेगांवर नुसता आणखी एक हात मारलात तर त्याच भेगा परत वर येतील.

प्रश्न : मुलांच्या खोलीत स्वतःच चिकटणारा वॉलपेपर आहे. तोही पाण्यानेच काढायचा का?

उत्तर : नाही, त्याचा गोंद पाण्यात विरघळत नाही. हेअर ड्रायरने कोपरा कोमट करा आणि सुटलेली पट्टी भिंतीलगत उलटी दुमडून हळूहळू खाली ओढा. समोर, स्वतःकडे ओढलीत तर रंगासकट येते. राहिलेल्या चिकट डागांवर थोडं खाद्यतेल 10 मिनिटं ठेवून कापडाने पुसा. नंतर तो तेलकटपणा साबणाने पूर्ण काढा, नाहीतर नवा रंग तिथे धरणार नाही. खाली ऑइलपेंट असेल तर हे बिनधोक आहे. साध्या पाण्याच्या रंगात तेल मुरून डाग राहतो, तिथे आधी कोपऱ्यात करून पाहा.

प्रश्न : कागद काढल्यावर मागे काळे ठिपके आणि कुबट वास आला. लगेच रंग दिला तर झाकलं जाईल?

उत्तर : काही दिवसच. ती बुरशी आहे आणि तिला ओलावा कुठून मिळतो हे आधी शोधावं लागेल. बुरशी धुऊन भिंत वरून कोरडी झाली की प्लास्टिकचा हातभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला दव साचलं तर ओल भिंतीतून येते आहे, म्हणजे नळाची गळती किंवा बाहेरची भेग शोधा. खोलीकडच्या अंगाला साचलं तर हवाच दमट आहे. खिडकी आणि पंखा यांची व्यवस्था बघा.

बुरशी कोरडी खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. एन95 मास्क घाला, ठिपके ओले करा, साबणाच्या पाण्याने घासा आणि वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाका. ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा दुसरं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. जिप्सम बोर्ड बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, ओल थांबवून तेवढा तुकडा कापून नवा बसवा.